ऐकायची सळी

न्हाव्याकडून बाहेर पडून शिवलकरांनी गटारावरच्या लादीवरून रस्त्यावर पाय टाकला आणि उजव्या खुब्यात टक् झालं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटत राहिलं. दुखण्याला माणूस काहीतरी नाव देतो, वात म्हणतो, गारठा म्हणतो, घरी जाऊन तेल चोळतो. हा नुसता आवाज होता, आणि तोही कानाने ऐकलेला नव्हे, खालून वर दाढांपर्यंत चढलेला. मारुती मंदिराच्या त्या सकाळच्या वर्दळीत ते जागच्या जागी उभे राहिले. मानेवर कापलेले केस टोचत होते. "काका, बाजूला व्हा की, मधीच काय उभं राहिलाव?" मागून एक रिक्षावाला ओरडला. त्याला कसं सांगणार, की काका उभे राहिले नव्हते, ऐकत होते. एकदा झालेला आवाज सोडून द्यायचा, दुसऱ्यांदा झाला की विचार करायचा, ही त्यांची नोकरीतली शिस्त. त्यांनी हळूच वजन डाव्या पायावर घेतलं, परत उजव्यावर टाकलं. टक्. मग मात्र ते त्याच ओरडणाऱ्या माणसाच्या रिक्षात बसून घरी आले.

आवाज हा शिवलकरांचा पोटापाण्याचा धंदा होता. पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, जिथे बाहेर ऊन आहे की पाऊस हे नव्या पाळीवर येणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरूनच कळायचं, तिथे त्यांनी सगळी नोकरी काढली. हातभर लांबीची एक पोलादी सळी, तिच्या एका टोकाला शिसवी लाकडाचा गोळा. सळीचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, गोळा कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचे. आत फिरणाऱ्या शाफ्टला तेल पोचतंय का, कुठे खरवडतंय का, सगळं त्या सळीतून कानात उतरायचं. हेडमेकॅनिक भागोजीदादांनी ती सळी पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली तेव्हा शिकवणी म्हणून एवढंच सांगितलं, "मशीन बोललं की आपण उठायचं. मशीन गप असलं की आपण च्या प्यायचा." त्या शिकवणीवर नोकरी पार पडली. निवृत्तीच्या समारंभात लोक शाल आणि नारळ घेऊन घरी जातात. शिवलकरांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि वर सळीही मागून घेतली. कोयनेचा तो मुलूख. अधूनमधून जमीन हलायची, कॉलनीतल्या क्वार्टर्समध्ये फळीवरची भांडी किणकिणायची, बायका पोरांना घेऊन अंगणात धावायच्या. शिवलकर तेव्हा बहुधा पाळीवर असायचे. घरी आल्यावर बूट काढता काढता विचारायचे, "घाबरलीस काय गो?" मथुरा म्हणायची, "नाय." आणि चहा ठेवायला आत जायची. किती शांत बाई मिळाली आपल्याला, असं त्यांना वाटायचं, आणि खरंच फार बरं वाटायचं.

खुबा बदलला तो निवृत्त होऊन रत्नागिरीला नाचणे रोडवर फ्लॅट घेतल्यावर. मांडीच्या हाडाचा गोळा आतून सुकला होता, पाय टाकवत नव्हता. मुंबईला ऑपरेशन झालं, पोलादी दांडी, वर गोळा, आणि गोळ्याला फिरायला प्लास्टिकची वाटी. शिवलकरांना ती रचना ऐकूनच धीर आला होता. हे तर आपल्यातलंच निघालं, शाफ्ट आणि बुश! पाय असा काही चालायला लागला की ते भाट्याच्या पुलापर्यंत फिरून यायचे आणि भेटेल त्याला सांगायचे की आमचं ओव्हरहॉलिंग झालंय. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दुखो न दुखो, दरवर्षी एक्स-रेचा फोटो काढून दाखवायचा. सुरुवातीला ते गेले. मग एका रविवारी कपाटातून सळी काढून त्यांनी मथुराला हाक मारली. आधी तिला फ्रिजवर शिकवलं, मग मिक्सरवर, मग इमारतीच्या पाण्याच्या पंपावर. ती शिकली, शिकवलेलं ती मुकाट शिकायची. मग ते कुशीवर आडवे झाले, ती पलंगाशी खाली मांडी घालून बसली, सळीचं टोक त्यांच्या खुब्याच्या हाडावर टेकवून तिने गोळा कानाला लावला आणि त्यांनी पाय हळूहळू उचलला, वाकवला, सरळ केला. "काय येतंय?" "काय नाय." "नीट ऐक. खरखर? कट्कट्?" "नाय हो, काय नाय. तुमच्या पोटातला गुरगुराट येतोय तेवढा." असं दर थोड्या महिन्यांनी चालायचं. काय नाय, म्हणजे ठीक. मुंबईला जायचा ताप वाचला. शेजारच्या राजश्रीने एकदा दार उघडं होतं म्हणून डोकावून हा सोहळा पाहिला आणि पुढे वर्षभर ती मथुराला डॉक्टरीणबाई म्हणत होती.

त्या दिवशी रिक्षातून उतरून, कठड्याला धरून दुसऱ्या मजल्यावर येऊन शिवलकरांनी चपलाही न काढता सळी काढली. मथुरा भात वेळत होती. तिने हात पुसले, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. या वेळी ती खाली बसली नाही. पलंगाच्या कडेला एका हाताने धरून तिने कमरेतून वाकून गोळा कानाला लावला. घाईत आहे, भात राहिलाय, असं शिवलकरांना वाटलं. त्यांनी पाय वाकवला. आत टक् झालं, त्यांच्या दाढांना कळलं, आणि त्याच क्षणी मथुराचं डोकं गोळ्यावरून मागे झालं. पलंगाच्या कडेवरचा तिचा हात घट्ट झाला होता. "वाजतंय," ती म्हणाली. शिवलकरांना आधी विचित्र समाधान वाटलं, की आपल्याला भास झाला नाही, कान अजून शाबूत आहेत. समाधान गेलं आणि मागे भीती राहिली ती राहिलीच. जेवताना, पेपर वाचताना, न्हाणीत उभं असताना ते स्वतःच्या आत कान देऊन होते. कूस बदलायची म्हटलं तरी आधी मनात तयारी. बाहेरून कोणी बोललं की दचकायचे, कारण ते तिथे नसायचेच, ते खाली खुब्यात असायचे.

डॉक्टर अनस सोलकर तरुण होता, माळनाक्याकडचा. त्याने दोन्ही हातांनी फोटो उजेडासमोर धरला, खाली घेतला, परत धरला. "वाटी हललीय, काका," तो म्हणाला. "वर सरकलीय, तिरकी झालीय. तिचं मला काय वाटत नाही, ती काढता येते. माझी काळजी आहे ती बसवायची ज्यात, त्या हाडाची." त्याने बोट काळ्या डागांवरून फिरवलं. "इथे, इथे, आणि हे मागच्या अंगाला. इथे हाड असायला हवं होतं."

"झिजलं?"

"झिजलं ते प्लास्टिक. त्याचे पिठाहून बारीक कण पडतात. शरीर त्या कणांवर तुटून पडतं आणि त्या भरात शेजारचं हाडही खाऊन टाकतं."

"कधीपासून चाललंय हे?"

"आता कसं सांगू? बरीच वर्षं. मधले फोटो असते तर कळलं असतं."

तेव्हा मथुराच बोलली, परक्या माणसासमोर सहसा न बोलणारी मथुरा. "हे ऐकायचे ना, डॉक्टर. सळी लावून. म्हणजे ऐकायची मी. काय आवाज नव्हता ओ. खरंच नव्हता." गुन्हा कबूल केल्यासारखं तिने ते सांगितलं. डॉक्टर हसला असता तर शिवलकरांनी त्याला माफ केलं असतं, पण तो हसला नाही. त्याने सळीची सगळी हकीकत विचारून घेतली आणि मग म्हणाला, "काकी, तुमचं काही चुकलं नाही. हाड जाताना आवाज होतच नाही. बहुतेकांना दुखत पण नाही. आवाज येतो तो सगळं सैल झाल्यावर. मधली वर्षं ते गप्पच असतं."

मग त्याने काय करायचं ते सांगितलं. जुनी वाटी काढायची. पोकळ्या झाल्यात त्या भरायच्या, दुसऱ्या माणसाच्या हाडाने. कुणाकुणाचा खुबा बदलताना जो गोळा निघतो तो ती माणसं देतात, तो तपासून, गोठवून हाडांच्या बँकेत ठेवलेला असतो. त्याचे खडीसारखे तुकडे करून ठोकून ठोकून बसवायचे, वर जाळी आणि स्क्रू, आणि त्यावर मोठी नवी वाटी. "मग तुमचं हाड हळूहळू त्या तुकड्यांत वाढत जातं." "आणि नाही वाढलं तर?" शिवलकरांनी विचारलं. डॉक्टरने खोटं सांगितलं नाही. "तर परत सैल होईल. किती हाड शिल्लक आहे ते मलासुद्धा आत गेल्यावरच कळणार. उभे राहाल असं मला वाटतं. कुबडीशिवाय चालाल का, ते सहा-आठ महिन्यांनी बोलू. पण काहीच केलं नाही, तर एक दिवस नुसतं उभं राहताना कमरेचं हाड तडकेल." मथुराने विचारलं, "कोणाचं असतं ते हाड?" "नाव नसतं, काकी." "बरं," ती म्हणाली, आणि टेबलाच्या कडेवर तळवा रेटून उठली. तिला घरी जायची घाई आहे असं शिवलकरांना याही वेळी वाटलं.

मशीन गप असलं की आपण चहा प्यायचा. हे वाक्य आता त्यांना सुखाने बसू देईना. ते सगळी वर्षं चहाच पीत होते. भाट्याच्या पुलावर वारा खात होते, लोकांना ओव्हरहॉलिंगच्या गोष्टी सांगत होते, कुशीवर आडवे होऊन बायकोकडून "काय नाय" ऐकत होते, आणि त्या प्रत्येक "काय नाय"च्या मागे, सळीच्या टोकापासून बोटभर आत, त्यांचंच शरीर त्यांचंच हाड खात होतं. मशीन असं करत नाही. मशीनचं बेअरिंग जाईल, घर खराब होईल, पण मशीन स्वतःचं घर खात नाही. आणि खाल्लंच तर निदान ओरडतं तरी. त्यांना भागोजीदादांचा राग आला. दादांना जाऊन जमाना झाला होता, त्यामुळे तो राग कुठे ठेवावा ते कळेना. मग त्यांना पोफळीच्या त्या सगळ्या शांत पाळ्या आठवायला लागल्या, सळी कानाशी धरून मान हलवलेल्या, ठीक आहे म्हणून पुढे गेलेल्या. त्यात किती ठिकाणी खरंच ठीक होतं? वीजघर अजून चालू आहे, दिवे लागतात, हे मनाला बजावून सांगावं लागलं. पलंगावर पडल्या पडल्या ते त्या परक्या हाडाचाही विचार करायचे. असेल कुणी संगमेश्वरकडचा, खेडकडचा, किंवा मुंबईची एखादी बाई, जी आता नव्या खुब्यावर बाजारात फिरत असेल आणि जिला माहीतही नसेल की आपला जुना गोळा रत्नागिरीच्या एका म्हाताऱ्याच्या कमरेत ठोकून बसवणार आहेत. त्याची त्यांना किळस नव्हती. भीती होती ती वेगळी, की आपलं हाड त्यात शिरेल कशाला? ज्या शरीराने स्वतःचं ठेवलं नाही, ते दुसऱ्याचं का सांभाळेल?

आणि या भीतीच्या तळाशी आणखी एक होती, जिच्याकडे ते बघायचं टाळत होते. मरणाची नव्हे. मरणाला त्यांनी वीजघरात एक-दोनदा जवळून पाहिलं होतं. भीती होती ती जड होऊन पडण्याची. ज्याला उचलावं लागतं, वळवावं लागतं, ज्याच्या खालून भांडं काढावं लागतं, असा माणूस होण्याची. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सगळं समजावलं होतं. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने उजव्या पायावर भार नाही, उठताना कुणीतरी खांद्याखाली आधार द्यायचा, खुर्चीवरून उठवायचं, संडासला बसवायचं, रोज पाय धरून व्यायाम करून घ्यायचा. "घरात कोण आहे?" तिने विचारलं होतं. "मिसेस आहे," ते म्हणाले, आणि मुलगी म्हणाली, "मग छान." मुलाचा, निलेशचा डोंबिवलीहून फोन आला. तो ऑपरेशनला येणार होता, दोन-चार दिवस थांबणारही होता. "पुढचं काय टेन्शन नाही बाबा, आई आहे ना." राजश्री येऊन म्हणाली, "भावोजी, काय घाबरू नकाव, मथुरावहिनी आहेत." प्रत्येक जण तेच म्हणत होता आणि प्रत्येक वेळी शिवलकरांच्या छातीवरचं दडपण थोडं उतरत होतं. हाडाचा भरवसा नव्हता, वाटीचा नव्हता, स्वतःच्या कानांचा तर उरलाच नव्हता. मथुरा आहे, एवढं मात्र पक्कं होतं. तिला त्यांनी विचारलंही होतं, एकदा, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. "जमेल ना गो तुला सगळं?" ती म्हणाली होती, "न जमायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचं होतं. दुपारचं जेवण झालं आणि मथुरा औषधवाल्याकडे जाऊन येते म्हणून बाहेर पडली. लांब मोजे, चादरीखाली घालायचं रबर, असं बरंच काही आणायचं होतं. डॉक्टरने आता पायावर शक्य तेवढा कमी भार द्यायला सांगितला होता, म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली ती बरोबर घेऊन गेली. शिवलकर आडवे पडून राहिले. सळी कपाटाच्या कोपऱ्यात उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाठ केली होती. पण कानाला काय पाठ करता येते? फ्रिज चालू झाला, घरघरला, बंद पडला. खाली पंप सुरू झाला. त्याचं एक बेअरिंग जात आलंय, हे त्यांना पहिल्या फेऱ्यातच कळलं आणि सांगायला उठावंसं वाटलं नाही. वरच्या मजल्यावरची सानवी शाळेतून आली, दोन दोन पायऱ्या एकदम घेत, दप्तर कठड्यावर आपटत. मग जिना गप्प झाला. त्या गप्पपणात ते उद्याचा विचार करायला लागले. नको म्हणावं का सगळ्याला? असंच राहावं पडून, टक् तर टक्. मग कमरेचं हाड तडकेल म्हणाला तो. पण उद्या आत गेल्यावर हाडच सापडलं नाही तर?

खालून कुणीतरी जिना चढायला लागलं. शिवलकर नकळत ऐकायला लागले, स्वतःच्या आत सोडून कुठेतरी बाहेर, कितीतरी दिवसांनी. कुणी म्हातारं माणूस असावं. एक पाऊल वर पडायचं, मग दुसरं त्याच पायरीवर येऊन त्याच्याशेजारी टेकायचं. मग थांबणं. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज, तळवा भिंतीवरून घासत वर सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा एक पाऊल. पहिल्या मजल्यावर कुणाची तरी आई आली असेल गावाहून, असं त्यांना वाटलं. बिचारीला लिफ्ट नसलेल्या इमारतीत का आणतात लोक? पण पहिला मजला मागे पडला आणि पावलं वर येतच राहिली. सवयीने ते बिघाड शोधायला लागले. लंगडणाऱ्या माणसाचं एक पाऊल जड पडतं आणि दुसरं हलकं, चांगल्या पायावर तो भार टाकतो, त्यावरून दुखरा कुठला ते लगेच सांगता येतं. इथे ते सांगता येईना. दोन्ही पावलं सारखीच सावकाश पडत होती, जणू दोन्ही एकमेकांवर भार टाकायला बघत होती आणि दोन्ही नको म्हणत होती. मधल्या वळणावर ते माणूस बराच वेळ उभं राहिलं. श्वास ऐकू येत होता. तोंडाने घेतलेला, लपवून घेतलेला श्वास. चढलं बुवा एकदाचं, शिवलकरांनी मनातल्या मनात म्हटलं, आणि त्यांना त्या अनोळखी माणसाची फार दया आली. मग त्यांच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

मथुरा आत आली. दार लावून तिने पदराने तोंड पुसलं, खांदे सरळ केले आणि पिशवी घेऊन सपाट फरशीवरून रोजच्यासारखी चालत स्वयंपाकघराकडे निघाली. "मोजे मिळाले," ती जाता जाता म्हणाली. "रबर उद्या देतो म्हणाला. च्या टाकू?" शिवलकर तिच्याकडे बघत होते. खाली मांडी घालून बसणारी मथुरा हल्ली पलंगाला धरून वाकते. टेबलावर तळवा रेटून उठते. खालच्या फळीवरचे डबे तिने कधीतरी वर ओट्यावर मांडले, तेव्हा बरं दिसतं म्हणाली होती. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि काहीच वाजलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठी भीती वाटली, पण ती भीती आज पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या खुब्यातली नव्हती.

"मथुरा," ते म्हणाले, "ती पिशवी ठेव. बस इथं जरा."

ती दारात थांबली. बसली मात्र नाही.

"तुझा पाय कधीपासून दुखतोय?"

नेहमीचं "काय नाय" येणार म्हणून शिवलकरांनी श्वास धरून वाट पाहिली. स्वयंपाकघरात फ्रिज पुन्हा घरघरायला लागला. मथुराने पिशवी खाली ठेवली, एक हात दाराच्या चौकटीवर टेकला आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं,

"कुठचा?"